लाळ जास्त होत नाही, गिळली जात नाही

लाळ गळतेय म्हणजे लाळ जास्तच सुटतेय असं घरात सगळे धरून चालतात, पण पार्किन्सन (कंपवात), एएलएस (स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होण्याचा आजार) किंवा सेरेब्रल पाल्सी (जन्माच्या आसपास मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडणं) असलेल्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा तसं नसतं. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तुमच्या-आमच्या तोंडातही तयार होते, आपण ती नकळत गिळत राहतो एवढंच. पार्किन्सनमध्ये हे आपोआप गिळणं मंदावतं, एएलएसमध्ये जीभ, ओठ, घशाचे स्नायूच कमजोर होतात, मग ओठ मिटत नाहीत, मान पुढे पडते आणि लाळ बाहेर येते. बाहेर आलेली निदान दिसते तरी, घशात साठून श्वासनलिकेत उतरते ती खरी डेंजर, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.

म्हणून आधी बसणं सुधारा. पाठ सरळ, मानेला आधार, पण डोकं मागे टाकायचं नाही. तोंड खसाखसा पुसू नका, मऊ सुती कापडाने टिपा आणि हनुवटीला व्हॅसलीन लावा, नाहीतर कातडी सोलवटते. आणि मोठ्या माणसाला लाळेरं कशाला बांधायचं, गळ्यात उपरणं किंवा स्कार्फ छान दिसतो की!

औषधांमध्ये डॉक्टर ग्लायकोपायरोलेट, अमिट्रिप्टिलिन देतात, कधी अ‍ॅट्रोपिनचे डोळ्यात घालायचे थेंब चक्क जिभेखाली टाकायला सांगतात. अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनातून लाळग्रंथींना निरोप जातो, तो ही औषधं अडवतात. पण अ‍ॅसिटिलकोलीन शरीरात इतरत्रही काम करतं ना, त्यामुळे बद्धकोष्ठता, लघवी अडकणं, म्हाताऱ्या माणसांना भ्रम, असलं काहीही मागे लागू शकतं.

बोटॉक्स इथे कामाला येतं ते यामुळेच. सुरकुत्यांसाठी जे घेतात तेच विष, कानापुढच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथींत सोनोग्राफीत बघून टोचतात, म्हणजे निरोप फक्त तिथेच अडतो. असर साधारण तीन महिने टिकतो, मग परत टोचायचं. अमेरिकेत मोठ्यांच्या लाळेसाठी याच विषाच्या झिओमिन नावाच्या ब्रँडला 2018 मध्ये मान्यता मिळाली. मात्र औषध शेजारच्या स्नायूंत पसरलं तर गिळणं आणखी बिघडू शकतं, तेव्हा सराव असलेला हात हवा.

एक गोष्ट खूपदा राहून जाते. एएलएसमध्ये पातळ लाळेसोबत चिकट, तार धरणारा कफही असतो, आणि लाळ सुकवणारं औषध वाढवलं की तो आणखी घट्ट होऊन घशात अडकतो. त्याला वेगळा उपाय, म्हणजे पुरेसं पाणी, सलाइनची वाफ, कफ ओढून काढणारं सक्शन मशीन. त्यामुळे डोस वाढवून मागण्याआधी टिपलेलं कापड नीट बघा, पाण्यासारखं आहे की तार येतेय, आणि डॉक्टरांना तेच सांगा.