ओवाळून टाकलेल्यांचं घर: सुपरहिरो कॉमेडीतल्या मानलेल्या कुटुंबामागची गोष्ट

ऑगस्ट 2014 मधे गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी आला तेव्हा अर्ध्या लोकांना वाटलं की मार्व्हलचं डोकं फिरलंय. एक बोलणारा रकून, एक झाड जे तीनच शब्द बोलतं, एक धिप्पाड योद्धा ज्याला टोमणा कळत नाही, एक हिरवी मारेकरी मुलगी आणि वॉकमन लावून फिरणारा भुरटा चोर, असल्या टोळीवर कोण पैसे लावेल. पण पिक्चरनं जगभरात 77 कोटी डॉलरच्या वर धंदा केला आणि त्यानंतर प्रत्येक स्टुडिओला आपापली 'ना नात्याची ना गोत्याची' टोळी हवी झाली. आता तर सुपरहिरो कॉमेडी म्हटलं की चार-पाच नकोशी माणसं एकमेकांना शिव्या देत देत घरची होतात हे ठरूनच गेलंय. तर हे नेमकं आलं कुठून? बरेच जण सगळं क्रेडिट डायरेक्टर जेम्स गनला देऊन मोकळे होतात, पण त्याच्या आधीची पन्नास-साठ वर्षं बघितली तर गंमत वेगळीच आहे. कथेत ज्यांना कुणी विचारत नाही ती पात्रं प्रकाशकांनाही खरोखरच नको होती, आणि नको होती म्हणूनच त्यांच्याशी मस्ती करायची मुभा मिळाली.

अगदी मुळापासून बघायचं तर सुपरहिरो हा प्रकारच अनाथांचा. सुपरमॅन 1938 चा, दुसऱ्याच्या घरी वाढलेला. बॅटमॅन 1939 चा, आईबाप डोळ्यांसमोर गेलेले, आणि 1940 मधे त्यानं सांभाळलेला रॉबिन तोही तसाच. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत जो वेताळ आला तो मात्र उलटा, तिथे बापाचा मुखवटा पोरगा घालतो, पिढ्यानपिढ्या, म्हणजे सगळा मामला वंशपरंपरेचा. अमेरिकन सुपरहिरोला असलं घराणं नव्हतं. त्यात 1942 मधे जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी बॉय कमांडोज काढलं, युद्धातली चार पोरकी पोरं, एक फ्रेंच, एक इंग्लिश, एक डच आणि एक ब्रुकलिनचा, आणि त्यांच्यावर एक कॅप्टन. कर्बी स्वतः न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या गरीब ज्यू वस्तीत वाढलेला, गल्लीतल्या टोळ्यांच्या मारामाऱ्या खाऊन-देऊन मोठा झालेला, त्यामुळे टोळी हेच घर ही गोष्ट त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढे 1961 मधे त्यानं आणि स्टॅन लीनं फँटॅस्टिक फोर आणलं ज्यात हिरो आपापसात भांडतात, रुसतात, एकमेकांच्या खोड्या काढतात. पण ते बऱ्यापैकी खरंच कुटुंब होतं, बहीण-भाऊ, होणारा नवरा आणि त्याचा जुना दोस्त.

खरी नकोशांची टोळी आली 1963 मधे, आणि इथे मला आर्नल्ड ड्रेक या माणसाबद्दल जरा सविस्तर बोलायचंय कारण त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. मार्व्हलची प्रतिस्पर्धी कॉमिक्स कंपनी डीसी, तिच्याकडे एक साहसकथांचं मासिक चालत होतं, त्याला काहीतरी नवीन हवं होतं म्हणून ड्रेकनं बॉब हेनी आणि चित्रकार ब्रुनो प्रेमियानी यांच्याबरोबर डूम पेट्रोल केलं. जून 1963 चा अंक. अपघातात शरीर गेलेला आणि नुसता मेंदू यंत्रात बसवलेला क्लिफ स्टील, सगळ्या अंगाला पट्ट्या गुंडाळलेला लॅरी ट्रेनर, आकार बदलणारी सिनेमानटी रिटा फार, आणि यांना गोळा करणारा व्हीलचेअरवरचा चीफ. या लोकांना शक्ती म्हणजे वरदान वगैरे वाटत नाही, त्यांची आयुष्यं तिच्यामुळेच वाटोळी झालेली असतात, एकमेकांशिवाय त्यांना कुणी नसतं आणि एकमेकांशी पटतही नसतं. जाहिरातीतच त्यांना जगातले सगळ्यात विचित्र हिरो म्हटलं होतं. आणि तीनच महिन्यांत, सप्टेंबर 1963 च्या तारखेनं मार्व्हलचे एक्स-मेन आले, जगाला नकोसे झालेले तरुण आणि त्यांना गोळा करणारा व्हीलचेअरवरचा प्रोफेसर! ड्रेकला यात काहीतरी शिजलंय असा संशय होता आणि नंतर त्यानं तो उघड बोलूनही दाखवला. माझं मत विचाराल तर तीन महिन्यांत चोरी करून अंक छापून आणणं अवघडच, पण त्या काळात सगळे चित्रकार-लेखक एकाच शहरात, दोन्हीकडची कामं करणारे, त्यामुळे कोण कुठे काय बोललं असेल ते कोण सांगणार.

डूम पेट्रोलचा खप घसरला आणि 1968 मधे तो बंद करायचं ठरलं. तेव्हा ड्रेकनं जे केलं ते आजही धाडसाचं वाटतं. शेवटच्या अंकात व्हिलन त्यांना म्हणतो की एकतर तुम्ही मरा नाहीतर अमेरिकेतल्या मेन राज्यातलं एक चिमुकलं कोळ्यांचं गाव मरेल, गावात माणसं फक्त 14, ज्यांना हे चौघं ओळखतही नाहीत. चौघं मरायचं निवडतात. आणि अंकात चक्क संपादक आणि चित्रकार येऊन वाचकांना म्हणतात की यांना परत आणायचं असेल तर तुमच्या हातात आहे. खप नाही म्हणून टीम मेली हे असं तोंडावर सांगणारं कॉमिक मी तरी दुसरं पाहिलं नाही.

त्याच सुमारास ड्रेक डीसीतून बाहेर पडून मार्व्हलमधे गेला आणि तिथे त्याच्या वाट्याला काय आलं, तर एक्स-मेन! ज्यांच्यावर त्याचा संशय होता तेच. काही अंक लिहिले, मग जानेवारी 1969 च्या एका अंकासाठी त्यानं आणि जीन कोलननं नवीन टीम केली, तिचं नाव गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी. हो, तीच. फक्त ती 31व्या शतकातली होती आणि त्यात ना रकून होता ना झाड. गुरूवरचा सैनिक चार्ली-27, प्लूटोवरचा स्फटिकासारख्या अंगाचा मार्टिनेक्स, हजार वर्षं झोपून पोचलेला पृथ्वीचा व्हान्स अ‍ॅस्ट्रो आणि एक निळा धनुर्धर योंडू. परग्रहावरच्या शत्रूनं यांचे लोक संपवलेले, आपापल्या जागेवरून उरलेला एकेक जण, तो एकत्र येतो. विनोद नव्हता त्यात फारसा. आणि ते चाललंही नाही, पुढची कित्येक वर्षं त्यांना कुणी विचारलं नाही.

मधल्या काळातलं एक्स-मेनचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्यांना माहितीये: 1975 मधे लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी केनियाची स्टॉर्म, जर्मनीचा नाइटक्रॉलर, कॅनडाचा वुल्व्हरिन, रशियाचा कोलॉसस अशी नवी टीम आणली आणि मग क्रिस क्लेअरमाँटनं सलग सोळा वर्षं लिहून प्रोफेसरच्या शाळेचं घर करून टाकलं. भावना तिथून आली. हसू मात्र नाही आलं.

हसू आणलं कीथ गिफेननं. 1976 मधे त्यानं आणि लेखक बिल मँटलोनं एका कथेच्या कोपऱ्यात एक बोलणारा रकून काढला, बीटल्सच्या गाण्यावरून सुचलेला, म्हणजे निव्वळ टाइमपास. तोच रॉकेट. ग्रूट त्याच्याही आधीचा, 1960 चा, आणि तेव्हा तो गोड वगैरे अजिबात नव्हता, स्वतःला प्लॅनेट एक्सचा सम्राट म्हणवणारा राक्षस होता जो एक अख्खं गाव उचलून न्यायला आला होता आणि शेवटी वाळवीनं त्याला खाल्लं. वाळवीनं! असल्या पात्रांची किंमत काय असणार.

गिफेनची खरी करामत 1987 ची. डीसीला जस्टिस लीग नव्यानं सुरू करायची होती आणि बरीचशी मोठी नावं दुसरीकडे अडकलेली, वापरायला मिळेनात. बॅटमॅन तेवढा मिळाला, बाकी भरती म्हणजे ब्लू बीटल, बूस्टर गोल्ड, गाय गार्डनर असली दुसऱ्या-तिसऱ्या फळीची मंडळी. गिफेननं जे. एम. डिमॅटिस आणि चित्रकार केव्हिन मॅग्वायर यांच्याबरोबर ठरवलं की हेच आहेत ना, मग यांचीच कॉमेडी करू. हॉस्टेलमधे राहणाऱ्या पोरांसारखे हिरो, पैशाची बोंब, फालतू स्कीमा, एकमेकांची खेचाखेची आणि टीमला पैसा पुरवणारा चालू बिझनेसमन मॅक्सवेल लॉर्ड. पाचव्या अंकातला तो प्रसंग कॉमिकवाल्यांमधे अजून सांगितला जातो: गाय गार्डनर, उर्मट, वाडगा ठेवून कापल्यासारखे केस, बॅटमॅनला लढायला ललकारतो, आपली शक्तीची अंगठी काढून ठेवतो, आणि बॅटमॅन त्याला एका ठोशात आडवा करतो. एकच ठोसा, खेळ खलास, ब्लू बीटल आनंदानं वेडा होतो. मॅग्वायरनं चेहरे इतके भारी काढलेत की संवाद झाकून ठेवले तरी हसायला येतं. त्या चार-पाच पानांत पुढच्या तीस वर्षांच्या सुपरहिरो कॉमेडीचा सूर लागलाय असं माझं ठाम मत आहे. त्याच साली जॉन ऑस्ट्रँडरनं तुरुंगातल्या व्हिलनांना घेऊन सुसाइड स्क्वाड नव्यानं उभं केलं, ते गंभीर होतं, पण कच्चा माल तोच, कुणाला नको असलेली पात्रं. मेली तरी ऑफिसात कुणी रडणार नाही अशी.

पडद्यावर हे यायला वेळ लागला आणि पहिला प्रयत्न सपशेल आपटला. 1999 चा मिस्टरी मेन, बॉब बर्डनच्या कॉमिकमधली पात्रं, एक फावडं घेऊन लढणारा, एक काटे-चमचे फेकणारा, एक ज्याची शक्ती म्हणजे राग येणं. बेन स्टिलर, विल्यम मेसी, बजेट 6.8 कोटी डॉलर, कमाई 3.3 च्या आसपास. पुढच्याच वर्षी द स्पेशल्स नावाचा फुटकळ बजेटचा पिक्चर आला ज्यात जगातली सहाव्या की सातव्या नंबरची सुपरहिरो टीम दिवसभर घरात बसून भांडते, मारामारी जवळजवळ नाहीच, परवडतच नव्हती. त्याची पटकथा जेम्स गनची आणि एक रोलही त्यानंच केलेला. म्हणजे 2014 च्या चौदा वर्षं आधी हा माणूस हीच गोष्ट लिहीत होता, फक्त त्याच्याकडे अंतराळयान नव्हतं.

तिकडे कॉमिकमधे गिफेन परत मार्व्हलकडे आला होता, आणि 2007 ला अ‍ॅनिहिलेशन नावाच्या मोठ्या अंतराळयुद्धाच्या कथेचा पुढचा भाग लिहिताना त्यानं स्टार-लॉर्डच्या (सिनेमातला वॉकमनवाला चोर तो हाच) हाताखाली कैद्यांची एक टोळी दिली, त्यात आपला जुना रकून आणि वाळवीनं खाल्लेलं झाड दोन्ही. 2008 मधे डॅन अ‍ॅबनेट आणि अँडी लॅनिंग यांनी त्यावर नवी गार्डियन्स मालिका बांधली. त्यातली एक गोष्ट मला सिनेमापेक्षाही आवडते. स्टार-लॉर्डनं दुसऱ्याच्या मनात शिरू शकणाऱ्या मँटिसला सांगून सगळ्यांच्या मनात टीममधे यायची इच्छा गुपचूप पेरलेली असते, हे कळतं तेव्हा टीम फुटते. मानलेलं कुटुंब जमवताना फसवणूक झाली तर ते कुटुंब का, हा प्रश्न सिनेमांनी कधी इतका सरळ विचारलाच नाही.

आणि मग पिक्चर का झाला, तर त्यामागेही टंचाईच. एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोरचे राइट्स फॉक्सकडे, स्पायडरमॅन सोनीकडे, मार्व्हल स्टुडिओजकडे उरलेलं सामान. निकोल पर्लमन 2009 मधे त्यांच्या नव्या लेखकांच्या प्रोग्रॅममधे होती, समोर ठेवलेल्या पर्यायांतून तिनं गार्डियन्स निवडलं आणि नंतर गन आला. त्या पिक्चरमधला गोल करून उभं राहायचा सीन आठवा: क्विल, म्हणजे स्टार-लॉर्ड, प्लॅन विचारला तर 12 टक्के तयार आहे म्हणतो, भाषण ठोकतो, मग एकेक जण मरायला तयार होऊन उठतो आणि रॉकेट सगळ्यात शेवटी करवादत उठतो आणि वर म्हणतो की घ्या, आता गाढवांसारखे सगळे गोल करून उभे आहोत. भावुक व्हायला लागलं की लगेच टपली, ही जुनी गिफेन-डिमॅटिसची सवय.

पण गननं स्वतःचं जे घातलं ते म्हणजे रक्ताचा बाप हाच व्हिलन. 2017 च्या दुसऱ्या भागात क्विलचा सख्खा बाप इगो देवासारखा भेटतो आणि निघतो क्विलच्या आईचा खुनी, तर ज्यानं त्याला लहानपणी पळवलं आणि सारखी खाऊन टाकायची धमकी दिली तो योंडू त्याच्यासाठी जीव देतो आणि सांगतो की जन्म दिला त्यानं असेल पण बाप तो नव्हता. तोच योंडू, ड्रेकनं 1969 मधे काढलेला! आणि त्याला निरोप द्यायला स्टॅलोन आणि त्याच्याबरोबर चार्ली-27, मार्टिनेक्स वगैरे जुनी टीम आली ती उगाच नाही. ड्रेक 2007 मधेच गेला, त्याला हे बघायला मिळालं नाही. बिल मँटलोचं आणखी वाईट, 1992 मधे गाडीच्या धडकेत मेंदूला जबर इजा झाली आणि त्याला केअर सेंटरमधे राहावं लागलं, पण 2014 ला मार्व्हलनं त्याच्यासाठी तिथेच पिक्चर दाखवायची सोय केली. 2023 च्या तिसऱ्या भागात तर सगळी कथाच त्याच्या रकूनची, पिंजऱ्यातल्या सोबत्यांची.

गनला मधे 2018 च्या जुलैत जुन्या ट्वीट्सवरून डिस्नेनं काढलं, सगळ्या कलाकारांनी मिळून जाहीर पत्र लिहिलं, मार्च 2019 मधे परत घेतलं, आणि तेवढ्यात डीसीनं त्याच्याकडून सुसाइड स्क्वाड करवून घेतला. तो 2021 चा, त्यातही तेच: बापानं उंदरांबरोबर कोंडल्यामुळे उंदरांना घाबरणारा ब्लडस्पोर्ट आणि उंदीर पाळणारी पोरगी, आईनं प्रयोग केलेला पोल्का-डॉट मॅन ज्याला प्रत्येक शत्रूच्या जागी आई दिसते. 2019 च्या शझॅममधे गन नाही तरी गणित सारखंच, फिलाडेल्फियातलं सहा पोरांचं फॉस्टर घर, आणि हिरो बिली जिला वर्षानुवर्षं शोधतो ती आई शेवटी भेटते तर तिनंच त्याला जाणूनबुजून सोडलेलं असतं. डेडपूल 2 नं हे सगळं उडवूनही लावलं, मोठ्या थाटात टीम भरती केली आणि पॅराशूटमधून उतरता उतरताच जवळजवळ सगळी मारून टाकली, आणि तरीही तो पिक्चर शेवटी कुटुंबावरच येऊन थांबतो.

आता मात्र हे फॉर्म्युला झालंय आणि दिसतंही, टीम भेटली की पंधराव्या मिनिटाला कुणीतरी फॅमिली म्हणणार. 2025 चा थंडरबोल्ट्स त्यातल्या त्यात जमला कारण तिथे विनोदाच्या खाली खरंच एकटेपण होतं. आणि गन? तो 2022 पासून पीटर सॅफ्रनबरोबर अख्खं डीसी स्टुडिओज चालवतोय, म्हणजे उरल्यासुरल्यांचा दिग्दर्शक आता वाड्याचा मालक झालाय, हाताशी खुद्द सुपरमॅन. तरी 2025 च्या सुपरमॅनमधे त्यानं काय केलं, तर एक दुय्यम टीम घुसवली, तिला पैसा पुरवणारा मॅक्सवेल लॉर्ड, आणि वाडगाकट केसांचा उर्मट गाय गार्डनर, थेट गिफेनच्या पानांतला. गिफेन ऑक्टोबर 2023 मधे गेला. राहता राहिला बॅटमॅन, तो या नव्या डीसीत आला की तो एक ठोसा बघायला पहिल्या दिवसाचं तिकीट काढणाऱ्यांत मी असणार.