गिनेस, सर ॲलेक

गिनेस, सर ॲलेक : (२ एप्रिल १९१४ – ५ ऑगस्ट २०००). रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत गाजलेले ब्रिटिश अभिनेते. जन्म लंडनच्या मेडा व्हेल भागात. जॉन गिलगुड, राल्फ रिचर्डसन व लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या लगेच मागून ते पुढे आले. रंगमंचावरील भारदस्त शोकांतिका हा या तिघांचा प्रांत. पडद्यावरच्या बारीक, आतल्या आवाजातील अभिनयात मात्र गिनेस यांचा अधिकार अधिक मानावा लागतो.

त्यांच्या पितृत्वाविषयी चरित्रकारांत एकमत नाही. आई ॲग्नेस कफ अविवाहित होती. जन्मदाखल्यात बाळाच्या नावाच्या रकान्यात ‘ॲलेक गिनेस’ अशी नोंद असून पित्याचा रकाना कोरा आहे. यावरून बिअर-उत्पादक गिनेस घराण्यातील कोणा पुरुषाशी त्यांचा संबंध जोडला गेला. मात्र या तर्काला नावापलीकडे ठोस आधार मिळत नाही. दुसऱ्या मताप्रमाणे अँड्रू गेडिस हे स्कॉटिश बँकव्यावसायिक त्यांचे वडील. गेडिस अधूनमधून भेटीस येत आणि ॲलेकच्या निवासी शाळांचे शुल्क भरत. स्वतः गिनेस यांचा कलही याच मताकडे होता व उपलब्ध माहितीशी ते अधिक जुळते. आईने पुढे स्टिव्हन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केल्याने काही वर्षे मुलगा ‘ॲलेक स्टिव्हन’ म्हणून वाढला. परक्या माणसाची चाल-बोली सहज अंगीकारण्याच्या त्यांच्या हातोटीचे मूळ या अस्थिर बालपणात शोधण्याचा मोह अनेक समीक्षकांना झाला आहे. त्यात तथ्य असावे. पण गिलगुड यांच्या तालमीत घेतलेले कष्टही विसरून चालणार नाही.

शाळेनंतर काही काळ त्यांनी जाहिरातसंस्थेत मजकूरलेखक म्हणून काम केले. पुढे फे कॉम्प्टन यांच्या नाट्यशाळेत शिक्षण झाले. १९३४ मध्ये गिलगुड यांनी ‘हॅम्लेट’मध्ये त्यांना ऑझ्रिकची भूमिका दिली. १९३८ मध्ये टायरन गथ्री यांनी लंडनच्या ओल्ड व्हिक या नाट्यगृहात आधुनिक वेशात, कोणतीही काटछाट न करता बसविलेल्या ‘हॅम्लेट’मध्ये ते नायक होते. त्याच वर्षी अभिनेत्री मेरुला सॅलमन यांच्याशी विवाह झाला. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते व १९४३ च्या सिसिली मोहिमेत त्यांनी सैन्य उतरविणाऱ्या नौकेचे नेतृत्व केले.

डेव्हिड लीन यांच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’पासून (१९४६) त्यांची खरी चित्रपट-कारकीर्द सुरू झाली. पाठोपाठच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील (१९४८) फेगिन या ज्यू खलपात्राची रंगभूषा डिकन्सच्या कादंबरीचे चित्रकार क्रुकशँक यांच्या मूळ रेखाचित्रांवर बेतली होती. ज्यूविरोधी चित्रण म्हणून तिच्यावर तीव्र आक्षेप घेतले गेले. अमेरिकेत चित्रपट १९५१ मध्ये, तोही काटछाट करून, प्रदर्शित झाला. युद्धात ज्यूंचा झालेला संहार ताजा असताना हा आक्षेप गैरवाजवी म्हणता येत नाही.

ईलिंग स्टुडिओच्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये (१९४९) डॅस्कॉइन या उमराव घराण्यातील आठ व्यक्ती त्यांनी रंगविल्या : ड्यूक, बँकर, धर्मगुरू, सेनापती, नौसेनापती, दोन तरुण आणि लेडी अगाथा. नायकाच्या पूर्वायुष्याच्या निवेदनात क्षणभर दिसणारा वृद्ध ड्यूक धरून काही लेखक ही संख्या नऊ मानतात. रूढ गणना आठचीच आहे. चर्चमधील एका दृश्यात यांपैकी सहा जण एकाच चौकटीत दिसतात. त्यासाठी छायालेखक डग्लस स्लोकम यांनी कॅमेरा जमिनीशी पक्का जखडला, भिंगापुढे काळ्या पट्ट्या लावून एका वेळी चौकटीचा एकच भाग उघडा ठेवला आणि दर खेपेस फिल्म मागे गुंडाळून तीच पुन्हा वापरली. दोन खेपांच्या मध्ये गिनेस नवी रंगभूषा करून येत. कॅमेरा केसभर हलला असता तरी सारे चित्रण वाया गेले असते. तांत्रिक करामतीपेक्षाही लक्षणीय आहे ते प्रत्येक व्यक्तीचे वेगळेपण : ते मिशी-टोपीपेक्षा मान, खांदे आणि बोलण्याची गती यांतून उभे राहते.

‘द लॅव्हेंडर हिल मॉब’, ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ (दोन्ही १९५१) व ‘द लेडीकिलर्स’ (१९५५) हे ईलिंगचे इतर महत्त्वाचे चित्रपट. १९५६ मध्ये त्यांनी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मधील (१९५७) कर्नल निकल्सन या जपान्यांच्या कैदेतील ब्रिटिश अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. लोखंडी कोठडीतून बाहेर पडल्यावर निकल्सन ज्या चालीने कूच करतो, ती पोलिओतून सावरणाऱ्या आपल्या मुलाच्या चालीवरून घेतल्याचे गिनेस यांनीच सांगितले आहे. १९५९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब देण्यात आला. ‘डिलन’ नाटकासाठी १९६४ मध्ये अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने लीन यांच्याच ‘अ पॅसेज टु इंडिया’मधील (१९८४) प्रा. नारायण गोडबोले ही भूमिका विशेष महत्त्वाची. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास (थोरली पाती) या मराठा संस्थानात महाराजांचे खाजगी चिटणीस होते. तेथील गोकुळाष्टमीच्या उत्सवाचा ठसा कादंबरीच्या अखेरच्या भागावर आहे. तीत गोडबोले हा दक्षिणी ब्राह्मण म्हणून येतो. चित्रपटात त्याचे भक्तिमग्न नृत्य चित्रित झाले होते; संकलनात ते गळाले व गिनेस नाराज झाले. नृत्याबरोबर गोडबोलेचे वैष्णवपणही पातळ झाले, आणि उरला तो गूढ बोलणारा पौर्वात्य. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’तील (१९६२) फैसलमध्ये संयमामुळे जे साधले, ते येथे साधले नाही. भारतीय नट उपलब्ध असता इंग्रज नटाला रंगवून उभे करण्यावर झालेली टीका रास्त आहे.

‘स्टार वॉर्स’मधील (१९७७) ओबी-वान केनोबी या भूमिकेमुळे त्यांना अमाप लोकप्रियता व नफ्यातील वाट्यामुळे आर्थिक स्वास्थ्य लाभले, मात्र ही एकच ओळख चिकटल्याचा त्यांना त्रास होई. त्यांच्या प्रौढ अभिनयाचा कळस बीबीसीच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७९) व ‘स्मायलीज पीपल’ (१९८२) या मालिकांतील हेर जॉर्ज स्मायलीत दिसतो. चष्मा पुसणे आणि ऐकत राहणे एवढ्यावर त्यांनी दीर्घ प्रसंग तोलले आहेत. दोन्ही भूमिकांना बाफ्टा (ब्रिटिश चित्रपट व दूरचित्रवाणी अकादमीचे) पुरस्कार मिळाले. १९८० मध्ये त्यांना सन्मानार्थ ऑस्कर देण्यात आले.

‘ब्लेसिंग्ज इन डिस्गाइज’ (१९८५) हे त्यांचे आत्मकथन. त्यात स्वतःपेक्षा सहकाऱ्यांविषयीच अधिक लिहिले आहे. ‘अ वॉक इन द वूड्स’ (१९८८-८९) हे त्यांचे अखेरचे नाटक. वेस्ट ससेक्समधील मिडहर्स्ट येथे त्यांचे निधन झाले.