वळीव कुठे कोसळेल?

मे महिन्यात सातारा-सोलापूरच्या आभाळात दुपारी बाराला चार पांढरे पुंजके दिसतात. चारच्या सुमारास त्यातल्याच एखाद्याचा माथा पंधरा किलोमीटरवर पोहोचलेला असतो. एका शिवारात गारांचा खच आणि शेजारच्या शिवारात नुसता धुरळा. हा ढग नेमका कोणत्या गावावर येणार, हे आदल्या दिवशी महासंगणकालाही सांगता येत नाही. असा ढग तयार होण्याजोगी हवा उद्या असेल का, हे मात्र बऱ्यापैकी सांगता येते. हवामानाचा छंद लागलेल्याने या दोन प्रश्नांची गल्लत कधीच करू नये. आदल्या दिवशी हवेबद्दल बोलावे, ढगाबद्दल शेवटच्या तीन तासांत.

नवख्याची नजर आधी कमाल तापमानावर जाते. पण नुसत्या उन्हाने ढग वाढत नाही, त्याला बाष्प लागते आणि बाष्प कळते दवबिंदूवरून. हवा किती थंड झाली की दव धरू लागेल, ते हे तापमान. पठारावर मे महिन्यात दवबिंदू ८-१० अंशांवर असेल तर आभाळ बहुतेक कोरडेच राहणार. तोच २० च्या आसपास आला की दुपारी गच्चीवर जायला हवे. हे बाष्प अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून येते. ते वायव्येच्या कोरड्या वाऱ्यांना जिथे भिडते, ती वाऱ्यांच्या खंडिततेची रेषा उन्हाळ्यात बऱ्याचदा विदर्भ-मराठवाड्यावरून खाली कर्नाटकाकडे उतरते. नकाशावर मी पहिल्यांदा तीच शोधतो.

त्यानंतर फुगा. भारतीय हवामान विभाग मुंबई, नागपूर, गोवा अशा ठिकाणांहून उपकरण बांधलेले फुगे सोडतो. त्यांच्या नोंदी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या धरल्या जातात आणि आलेख इंटरनेटवर फुकट मिळतात. वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते. तिच्यातल्या बाष्पाचे पाण्याचे थेंब होऊ लागले की उष्णता बाहेर पडते आणि थंड होण्याचा वेग मंदावतो. अशी हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहिली तर ती चढतच जाते. या चढाईसाठी एकूण किती ऊर्जा उपलब्ध आहे, तो आकडा म्हणजे ‘केप’. हवेच्या दर किलोला १००० ज्यूल मध्यम, २५०० च्या पुढे जोरदार. कागदावर २५०० ज्यूलमधून सेकंदाला ७० मीटर वेगाचा ऊर्ध्व झोत निघतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्माच धरावा, तरी तो प्रचंड असतो.

मात्र केपचा मोठा आकडा बघून हुरळून जाणे ही या छंदातली सर्वांत मोठी भूल आहे. दीड ते तीन किलोमीटर उंचीवर उष्ण, कोरड्या हवेचा थर बसला असेल तर खालची दमट हवा त्याच्याखाली अडकून पडते. हे झाकण दिवसभर टिकले तर सारी ऊर्जा जागच्या जागी राहते आणि आपल्या वाट्याला फक्त उकाडा येतो. ते लवकर फुटले तर ठिकठिकाणी किरकोळ सरी येतात. दुपारी तीन-चारला, खाली भरपूर बाष्प साठल्यावर, एखाद्या डोंगरउतारावर किंवा वाऱ्यांच्या रेषेवर ते फुटले, तर वादळ दणक्यात उभे राहते. झाकण कधी आणि कुठे फुटेल, हेच अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलांना नीट जमत नाही. म्हणून दोन मॉडेलांत फरक दिसला की आवडीचे निवडू नये. तो फरक हीच त्या दिवसाची खरी माहिती असते.

गारपिटीचे गणित वेगळे आहे. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारांनी गहू, हरभरा, द्राक्षे, डाळिंबे झोडपून काढली. त्या दिवसांत केप मे महिन्याएवढी नसते, पण वरच्या थरांत पश्चिमेचे वारे जोरात असतात. उंचीनुसार वारा असा बदलला की ढग कलतो, पाऊस ऊर्ध्व झोतावर न पडता बाजूला पडतो आणि ढग तासन् तास जगतो. शिवाय शून्य अंशाची पातळी खाली असल्याने गारेला वितळायला वेळ मिळत नाही. मे महिन्यातला वळीव बहुधा तासाभरात स्वतःच्याच पावसाने गार पडतो.

तो मरतानाही घातक असतो, कारण पावसाबरोबर कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचे लोट घेऊन सोसाट्याचा वारा आला. घाटकोपरला प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. असा वारा पावसाच्या पुढे धावतो आणि रडारवर अनेकदा फक्त एक बारीक रेषा होऊन दिसतो. त्या रेषेकडे दुर्लक्ष करू नये.

रडार वाचताना ५५ डीबीझेडच्या (ढगातून परतणाऱ्या लहरींच्या जोराचे माप) पुढचा रंग दिसला की गारांची शंका घ्यावी. पण पृथ्वीच्या वक्रतेमुळे दोनशे किलोमीटरवर रडारचा सर्वांत खालचा झोतही जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर वर गेलेला असतो. तिथे खाली काय पडते आहे, ते रडारला दिसत नाही. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असू द्यावे आणि गडगडाट कानावर आला की निरीक्षण थांबवून पक्क्या घरात जावे.

अंदाज वहीत लिहावा, तोही टक्क्यांत. अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सुचवलेली पद्धत सोपी आहे: ७० टक्के म्हटले आणि वादळ झाले तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९, झाले नाही तर ०.४९. हंगामाची सरासरी काढली की आपली पारख कळते. लोकांना मात्र हवामान विभागाचा पिवळा, केशरी किंवा लाल इशाराच पुढे पाठवावा. ‘उद्या निफाडला नक्की गारपीट’ असे आपण लिहिले आणि आभाळ मोकळे राहिले, तर पुढच्या खऱ्या इशाऱ्याच्या वेळी द्राक्षबागायतदार का धावेल?

हौशी माणूस सर्वांत मोलाची भर घालतो ती वादळानंतर. रडारला न दिसलेली जमीन त्याच्या पायाखाली असते. गार पडली तर ती वितळण्याआधी पट्टीशेजारी ठेवून फोटो काढावा आणि गावाचे नाव, सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी. शेजारच्या गावात काही पडले नसेल, तर तेही लिहावे.