रक्ताची ट्यूब फ्रीझरमध्ये टाकू नका

“लॅब लांब आहे ना, मग ट्यूब फ्रीझरमध्ये ठेवा, गोठलं की रक्ताला काही होत नाही,” हा सल्ला अजून सर्रास ऐकू येतो. मासळीला तो लागू पडतो, रक्ताला नाही.

रक्ताचा बर्फ होताना लाल पेशींची आवरणं फुटतात आणि नमुना वितळला की आतलं सगळं बाहेर सांडलेलं असतं. पोटॅशियमचंच बघा. सीरममध्ये, म्हणजे रक्त साकळल्यावर उरणाऱ्या पिवळसर द्रवात, ते लिटरला साधारण 3.5 ते 5 मिलिमोल, पेशींच्या आत मात्र त्याच्या तीसेक पट. म्हणजे धडधाकट माणसाचा रिपोर्ट बघून डॉक्टर त्याला थेट आयसीयूत धाडायचे! एलडीएच, एएसटी या पेशींच्या आतल्या एन्झाइम्सचे आकडेही असेच फुगतात. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, तर प्रश्नच मिटला, मोजायला धड पेशीच उरत नाहीत.

बरं, साध्या फ्रिजमध्ये? सीबीसीची ईडीटीए (रक्त साकळू न देणारं रसायन) असलेली ट्यूब 2 ते 8 अंशांवर दिवसभर चालते. पोटॅशियमसाठीचं अख्खं रक्त मात्र तिथेही नको. थंडीत पेशींवरचे पंप मंदावतात आणि पोटॅशियम हळूहळू झिरपतं, तेही पेशी न फुटता, म्हणजे सीरमला लाली न येता. ही चूक म्हणूनच जास्त फसवी. रक्त साकळू द्यायचं, सेंट्रिफ्यूज करायचं (यंत्रात गरगर फिरवायचं), सीरम वेगळं काढायचं. मग बहुतेक तपासण्यांसाठी ते खुशाल गोठवा.

अख्खं रक्त गोठवतात ते मुख्यतः डीएनएसाठी. तो पांढऱ्या पेशींत असतो आणि पेशी फुटल्या तरी टिकतो. रक्तपेढ्या दुर्मीळ गटाच्या लाल पेशी गोठवतात खऱ्या, पण पेशींना गोठताना जपणारं ग्लिसरॉल मिसळून, उणे 65 अंशांखाली.