कास्ट तुटला की वाचा बसली?

रविवारी दुपारी कोथरूडला आमच्या हॉलमध्ये दोन लॅपटॉप समोरासमोर ठेवून मी आणि माझा धाकटा मामेभाऊ वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये ड्युएल, म्हणजे एकास एक लढत, खेळतो. दोघंही मेज, म्हणजे जादूगार, जागा गेममधल्या ऑर्ग्रिमार शहराच्या दाराबाहेरचं मैदान. गेल्या रविवारी हरल्यावर तो वैतागून म्हणाला, "दादा, परत सायलेन्स केलंस मला!"

मी सायलेन्स, म्हणजे त्याची सगळी जादू एकदम गप्प, केलंच नव्हतं. पॉइंट घालून मिळणारं त्याचं टॅलेंटही माझ्याकडे नव्हतं. त्याचा फ्रॉस्टबोल्ट, म्हणजे बर्फाचा मारा, मी साध्या काउंटरस्पेलने अर्ध्यात तोडला होता, म्हणजे इंटरप्ट केला होता. त्यानंतरचे १० सेकंद तो नुसता पळत राहिला. आगीचा फायर ब्लास्ट मोकळा, झटकन निसटायचा ब्लिंक मोकळा, मला शीप, म्हणजे काही काळ मेंढी, करायला पॉलिमॉर्फही मोकळा, आणि त्याने कशालाच हात लावला नाही. हातात एवढं असताना तो हरला हे मला फार लागलं, म्हणून हा फरक नीट मांडतोय.

इंटरप्ट आणि सायलेन्स, दोन्हींत पडद्यावर दिसतं ते जवळजवळ एकच. कास्ट बार, म्हणजे मंत्र पुरा होईपर्यंत भरत जाणारी पट्टी, तुटतो, बटणं काळवंडतात. पण आतलं काम निराळं आहे. पुण्यात राहणाऱ्याला ते विजेच्या भाषेत चटकन कळेल. गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते तेव्हा अख्खं घर बंद पडतं, देवघरातल्या दिव्यापासून फ्रीजपर्यंत. तेच स्वयंपाकघरातल्या मिक्सरने एमसीबी पाडला तर फक्त स्वयंपाकघर अंधारात जातं, हॉलमधला पंखा फिरतच असतो. शिवाय मिक्सर चालू असला तरच तो एमसीबी पडणार. गुरुवारी मात्र तुम्ही काय चालू ठेवलं होतं याला काही अर्थ नसतो.

इंटरप्ट म्हणजे तो एमसीबी. समोरचा कास्ट करत असेल, म्हणजे स्पेल (मंत्र) टाकत असेल, किंवा चॅनल करत असेल, म्हणजे सलग चालवत असेल, तरच तो लागतो, आणि जो स्पेल तुटला त्याचं स्कूल, म्हणजे आपल्या शब्दांत घराणं, तेवढंच बंद पडतं. रोगची, म्हणजे चोरट्या मारेकऱ्याची, किक ५ सेकंद घराणं बंद ठेवते, वॉरियरचा पमेल ४, शामानचा अर्थ शॉक २. मेजचा काउंटरस्पेल सगळ्यांत लांब, पूर्ण १० सेकंद, पण एकदा मारला की ३० सेकंद परत मिळत नाही. किक १० सेकंदांत परत येते, अर्थ शॉक ६ मध्ये.

सायलेन्स म्हणजे गुरुवार. शॅडो प्रीस्टचं, म्हणजे काळी जादू करणाऱ्या पुजाऱ्याचं, सायलेन्स ५ सेकंद सगळी घराणी एकदम गप्प करतं. तुम्ही कास्ट करत होता की नुसते उभे होता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कूलडाऊन, म्हणजे परत मिळेपर्यंतचा वेळ, ४५ सेकंद, पल्ला २० यार्ड.

एवढा फरक डोक्यात बसला की पुढची खेळी आपोआप बदलते. इंटरप्टला फसवता येतं, सायलेन्सला नाही.

फसवायचं तंत्र म्हणजे फेक कास्ट. कबड्डीत चढाईवाला एका बाजूला हूल देतो आणि बचाव तिकडे झुकला की दुसरीकडून गडी टिपतो, तसंच. कास्ट सुरू करायचा, बार थोडा भरू द्यायचा आणि एक पाऊल हलून किंवा एस्केप दाबून सोडून द्यायचा. समोरच्याची किक हवेत गेली की पुढचे १० सेकंद तुमचे. मात्र हूल कधी सोडायची, यात कस लागतो. भारतात या खेळाचा सर्व्हर नाही. आम्ही युरोपच्या सर्व्हरवर खेळतो आणि पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या खाली क्वचितच येतो. माणसाच्या प्रतिक्रियेला साधारण पाव सेकंद लागतो, त्यात पिंग मिळवा. म्हणजे आगीच्या स्कॉर्चसारख्या दीड सेकंदाच्या कास्टमध्ये समोरच्याकडे खरा वेळ सेकंदभराचाच. अनुभवी रोग म्हणून बार अर्धा होण्याच्या आतच किक मारून मोकळा होतो. अशा गड्यापुढे बार पाऊण भरेपर्यंत थांबलात तर हूल द्यायच्या आधीच सापडता. मी पहिली हूल तिसऱ्या हिश्श्यालाच सोडतो. समोरचा हललाच नाही, तर दुसरा कास्ट न थांबवता पुरा करतो.

आणि हूल कशाने द्यायची, हे कधी द्यायची याहून मोठं. मेज विरुद्ध मेज ड्युएल मला सगळ्यांत आवडतं ते याचसाठी. ब्लिंक आर्केन घराण्याचं. पॉलिमॉर्फही आर्केन. आणि खुद्द काउंटरस्पेलही आर्केनच. समोरच्याचा काउंटरस्पेल तयार असताना तुम्ही पॉलिमॉर्फ सुरू केलात आणि तो तुटला, तर १० सेकंद तुम्हाला निसटता येत नाही, समोरच्याला शीप करता येत नाही आणि त्याचा कास्ट तोडताही येत नाही. एका चुकीत तिन्ही हत्यारं गेली. फ्रॉस्ट मेजचा, म्हणजे बर्फावर भर देणाऱ्याचा, फ्रॉस्टबोल्ट तुटला तर पाय गोठवणारा फ्रॉस्ट नोव्हा आणि अंगावरची ढाल आइस बॅरियरही त्याच्याबरोबर जातात. म्हणून फ्रॉस्ट मेजने हूल द्यावी ती फायरने. स्कॉर्च किंवा पहिल्या रँकचा फायरबॉल, दोन्ही दीड सेकंदाचे. तुटला तरी गमावलं ते परक्याचं. वॉरलॉकला, म्हणजे राक्षस पाळणाऱ्या जादूगाराला, ही चैन नाही. त्याचा फिअर, शॅडो बोल्ट, लाइफ टॅप सगळं एका शॅडो घराण्यातच. ते तुटलं की हाती उरतात इमोलेट, सीअरिंग पेन असे मोजके फायरचे स्पेल, म्हणून त्याने हूल त्यांचीच द्यावी.

रोगसमोर किक खाल्लीत तरी घाबरायचं कारण नाही. फ्रॉस्ट ५ सेकंद बंद, पण किक १० सेकंद येणार नाही. फ्रॉस्ट तुटल्या तुटल्या ब्लिंकने अंतर काढा आणि पॉलिमॉर्फ लावा. त्याच्याकडे सुन्न करणारे स्टन आहेत, गाउज आहे, पण तोडायला किक नाही. तो शीप झाला की फ्रॉस्ट मोकळं होईपर्यंत निवांत वेळ मिळतो. बहुतेक नवे मेज नेमके याच ५ सेकंदांत पळत सुटतात.

सायलेन्सपुढे हूल देत बसणं म्हणजे बहिऱ्याशी बोलणं. तिथे उपाय आधीचाच, टाक्या गुरुवारच्या आदल्या रात्री भरून ठेवतात तसा. बॅरियर आधीच चढवलेला असावा, कारण अंगावर असलेली ढाल सायलेन्सने उतरत नाही. समोरच्यावर लावलेले डॉट, म्हणजे थोडं थोडं नुकसान करत राहणारे स्पेल, चालूच राहतात, वॉरलॉकचा पेट, म्हणजे पाळलेला राक्षस, तोही लढत राहतो. प्रीस्टपासून २० यार्डांच्या बाहेर राहायचं. फ्रॉस्टबोल्टचा मूळ पल्लाच ३० आहे, म्हणजे मधली जागा तुमची. सायलेन्स लागलंच तर त्या ५ सेकंदांत बटणं बडवण्यापेक्षा एखाद्या खडकाआड जा. नजरेआडच्या माणसावर त्याचा स्पेल लागत नाही.

मार खाताना कास्ट बार मागे सरकतो ती तिसरीच गोष्ट. तिथे काहीच बंद पडत नाही, फक्त उशीर होतो.

काही हत्यारं दोन्ही कामं करतात, आणि मुलांचा गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो. वॉरलॉकच्या फेलहंटर या पेटचा स्पेल लॉक ३ सेकंद सायलेन्स करतोच, पण त्या वेळी तुम्ही कास्ट करत असाल तर वर ते घराणं ८ सेकंद बंद. त्याच्यासमोर कास्ट न करता सायलेन्स खाल्लंत तर तीनच सेकंदांवर सुटलात. मेजचं इम्प्रूव्ह्ड काउंटरस्पेल टॅलेंट तसंच. दोन पॉइंट घातले की काउंटरस्पेलबरोबर ४ सेकंदांचं सायलेन्स हमखास लागतं, समोरचा कास्ट करत नसला तरी.

हे सगळं मामेभावाला मी कागदावर घराण्यांची नावं लिहून, गोल काढून समजावलं. संध्याकाळी परत बसलो. त्याने स्कॉर्च सुरू केला, बार अर्धाही भरला नसताना सोडला, आणि माझा काउंटरस्पेल वाया गेला. ३० सेकंद माझ्याकडे तोडायला काही नव्हतं. त्याने मला शीप केलं, तेवढ्यात बँडेज बांधून तब्येत सावरली आणि पुढचे दोन फ्रॉस्टबोल्ट न थांबता घातले. मी हरलो.

रात्री त्याचा मेसेज आला, "दादा, हूल चालली ना?" चालली, अगदी बरोबर चालली. मग मी टॅलेंट बदलून ते दोन पॉइंट काउंटरस्पेलमध्ये घातले. येत्या रविवारी त्याने तशीच हूल दिली तर घराणं त्याचं वाचेल, पण ४ सेकंद वाचा बसेल. बॅरियर आधी चढवून येतो का, ते बघायचंय.