तुमच्या चित्रामागची फळी

चित्र भिंतीवर टांगण्याआधी एकदा उलटं करून त्याची पाठ बघा. तिथे कापड नाही, लाकूड आहे. पुढच्या बाजूला जे दिसतं त्याचं निम्मं कारण या पाठीत आहे, म्हणून हे पत्रक.

आमच्याकडे दोघांचंच काम आहे. ती रंगवते, मी फळ्या करतो. प्रश्नांची उत्तरं देणं माझ्याकडे आलं, कारण हातात ब्रश असताना ती बोलत नाही. ग्राहक बहुतेक दोनच गोष्टी विचारतात : हिच्यावर कोणाचा प्रभाव आहे, आणि कॅनव्हास सोडून हे जड लाकूड कशाला? ती कोणाकडून काय शिकली हे सांगायला लागलो की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप येतं.

पहिलं नाव पंधराव्या शतकातल्या युरोपीय चित्रकाराचं, यान व्हान आइकचं. तैलरंगाचा शोध त्यानेच लावला असं शतकानुशतकं सांगितलं गेलं. ते खरं नाही. तेलात रंग कालवण्याची कृती बाराव्या शतकातल्या ग्रंथातही आहे. पण त्या तेलाचं त्याने जे केलं, ते आधी कोणी तितक्या ताकदीने केलेलं दिसत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं १४३४ सालचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र आहे, ओकच्या लाकडावर, उंची जेमतेम ८२ सेंटिमीटर. त्यातला हिरवा झगा एका थरात रंगवलेला नाही. पारदर्शक रंगाचे पातळ थर एकावर एक चढवले आहेत. उजेड या थरांतून आत शिरतो, तळाच्या पांढऱ्या अस्तरावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. म्हणून तो रंग आतून उजळल्यासारखा वाटतो.

हे पांढरं अस्तर म्हणजे माझं खातं. जनावरी सरस गरम पाण्यात विरघळवायचा, त्यात खडूची भुकटी मिसळायची आणि ते मिश्रण फळीवर थराथराने लावायचं. मी आठ थर देतो. प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा, आणि शेवटी पॉलिशपेपरने घासून काचेसारखं गुळगुळीत करायचं. असं अस्तर फार कडक असतं. ताणलेल्या कॅनव्हासवर दिलं, तर कापड जरा हललं की तडकेल. त्याला न लवचणारी पाठ लागते.

सोळाव्या शतकातल्या ब्रूगेल या चित्रकाराकडून ती नेमकं उलटं शिकली : कमी रंग लावणं. १५६५ सालच्या ‘बर्फातले शिकारी’ या चित्रात रंग इतका पातळ आहे की काही ठिकाणी खालचं अस्तरच काम करतं. तुमच्या चित्रातल्या आकाशात फिकट, उबदार झाक दिसत असेल, तर ती रंगाची नाही. तिथे तिने मुद्दाम अस्तर उघडं राहू दिलं आहे. (आठ थर घासणाऱ्या माणसाला हे आकाश फार आवडतं.)

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तरुण रेम्ब्रांट, सतराव्या शतकातला डच चित्रकार. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्याचं १६२८च्या सुमाराचं आत्मचित्र आहे, उंची जेमतेम २३ सेंटिमीटर, तेही ओकवर. कुरळे केस त्याने रंगवले, आणि मग ब्रश उलटा धरून दांड्याच्या टोकाने ओल्या रंगात ओरखडे काढले. केसांच्या उजळ बटा म्हणजे ते ओरखडे. कॅनव्हासवर हे करून बघा : कापड दबतं, विणीत टोक अडकतं. फळीवर रेघ स्वच्छ उठते. आमच्या चित्रांतलं गवत पुष्कळदा असंच काढलेलं असतं.

आता तेलाबद्दल. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. हात लावण्याइतका थर काही दिवसांत सुकतो, पण आतपर्यंत सुकायला महिने लागतात. म्हणून खालच्या थरात तेल कमी आणि वर जास्त हा नियम पाळावा लागतो. उलटं केलं, तर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात. चित्राला उशीर का होतो, याचं खरं कारण हे आहे.

लाकडाची एक खोड सांगायलाच हवी. ते हवेतली ओल घेतं नि सोडतं; लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगतं-आकसतं. ३० सेंटिमीटर रुंद फळीत ऋतुमानाप्रमाणे २ मिलिमीटरपर्यंत फरक सहज पडतो. ‘मोनालिसा’ पॉप्लरच्या फळीवर आहे, आणि तिलाही वरच्या कडेपासून खाली एक जुनी चीर गेलेली आहे. मी गाभ्याकडून सालीकडे कापलेल्या फळ्या घेतो, त्या कमी वाकतात. आणि पाठ व कडाही बंद करतो, म्हणजे ओल एकाच बाजूने शिरत नाही. तरी सुरुवातीला एक फळी मी चौकटीत खिळ्यांनी घट्ट बसवली होती. पहिल्याच कोरड्या हिवाळ्यात ती मधोमध तडकली. चूक सर्वस्वी माझी.

म्हणून चौकट बदलायची झाली, तर करणाऱ्याला सांगा : फळीच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडायची, फळीत खिळा किंवा स्क्रू मारायचा नाही, गोंद तर अजिबात नाही. हीटरच्या वर, न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा थेट उन्हात चित्र लावू नका. पण कपड्यात गुंडाळून कपाटातही ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं, उजेडात ठेवलं की ते बरंचसं उतरतं. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका. ओलं फडकं नको, कोणी कितीही आग्रह केला तरी.

नवं चित्र काही आठवडे तेलाचा वास देईल. शेवटचं व्हार्निश आम्ही मुद्दाम दिलेलं नाही. सहा महिने ते वर्षभराने, थर किती जाड आहेत त्यावर, चित्र आमच्याकडे आणा. व्हार्निश देऊन आठवड्याभरात परत करू. त्याचे वेगळे पैसे नाहीत. येताना चौकट काढू नका, ती मी काढेन.