दगडाने धरून ठेवलेलं तेल

तेलक्षेत्र ‘आटलं’ अशी बातमी येते, तेव्हा खाली सहसा निम्म्याहून जास्त तेल शिल्लक असतं. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. सच्छिद्र खडक असतो आणि त्याच्या बारीक छिद्रांत तेल भरलेलं असतं. एका विहिरीतून पाणी दाबायचं, दुसरीतून तेल काढायचं, ही नेहमीची रीत. पण पाणी सोप्या वाटेने निघून जातं आणि थेंब मागे अडकतात.

एका थेंबापाशीच जाऊ. छिद्राची त्रिज्या 25 मायक्रॉन, बाहेर पडायची खिंड 5 मायक्रॉनची. तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण सुमारे 30 मिलिन्यूटन प्रति मीटर. खिंडीत शिरायला थेंबाला 2 × ताण × (1/5 − 1/25), म्हणजे 9,600 पास्कल दाब हवा. पाण्याचा रेटा मीटरमागे 20,000 पास्कल धरला, तरी 100 मायक्रॉन लांबीच्या थेंबाच्या वाट्याला येतात फक्त 2 पास्कल! पंपाचा जोर पाच हजारपट वाढवला तर खडकच फुटेल. म्हणून ताण उतरवायचा, थेट 0.003 पर्यंत. मग अडथळा 1 पास्कलच्या खाली येतो आणि थेंब सुटतो.

भांड्यांच्या साबणाचं हे काम नाही. ताण दहापट उतरूनही थेंब जागचा हलत नाही. योग्य सर्फॅक्टंट, म्हणजे सीमेवरचा ताण उतरवणारं साबणासारखं रसायन, शोधायला दहा-दहा मिलिलिटरच्या काचनळ्यांत निम्मं तेल, निम्मं सर्फॅक्टंटचं पाणी भरतात, नळीगणिक मीठ वाढवतात आणि तोंडं बंद करून साठ्याच्या तापमानाला कित्येक दिवस ठेवतात. मीठ कमी असेल तर तेल खालच्या पाण्यात विरघळतं, जास्त असेल तर पाणी वरच्या तेलात. मधल्या एखाद्या नळीत मात्र दोघांच्या मध्ये तिसराच थर उभा राहतो. हीच ती नळी. चुन हू यांनी 1979 मध्ये दिलेलं सूत्र वापरून ताण नुसत्या डोळ्यांनी काढता येतो: एक घनसेंटिमीटर सर्फॅक्टंटने या थरात 10 घनसेंटिमीटर तेल सामावलं, तर ताण 0.3 ÷ 10², म्हणजे 0.003.

आता खडकाची भूक. 20 टक्के सच्छिद्र खडकाच्या एका घनमीटरात दगड 2,120 किलो, छिद्रं 200 लिटर. छिद्रांच्या तीन दशांश, म्हणजे 60 लिटर, एक टक्क्याचं द्रावण सोडलं तर सर्फॅक्टंट 600 ग्रॅम. दगडाच्या प्रत्येक ग्रॅमला 0.3 मिलिग्रॅम चिकटलं, तर 636 ग्रॅम तिथेच खलास. म्हणून सोबत सोडा ॲश घालतात. सामू वाढला की वालुकाश्मातली माती सर्फॅक्टंटला दूर लोटते आणि शोषण 0.1 पर्यंत आलं तर 212 ग्रॅमवर भागतं. मागून पॉलिमरचं दाट पाणी ढकलतं, नाहीतर पातळ पाणी द्रावणातूनच बोटं घुसवून पुढे पळतं.

प्रयोगशाळेत वीतभर खडकातून 90 टक्के तेल निघालं, असे आकडे ऐकून हुरळू नये. त्या तुकड्यात भेगा नसतात, कमी-जास्त झिरपणारे थर नसतात आणि पाण्याला बगल देऊन जायला जागाच नसते.

राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रात वालुकाश्म आहे. तिथे अल्कली (सोडा ॲशसारखा सामू वाढवणारा पदार्थ), सर्फॅक्टंट आणि पॉलिमर यांची एकत्र चाचणी झाली. मुंबई हायचा साठा चुनखडीचा. नेहमीचे ऋणभारित सर्फॅक्टंट चुनखडीच्या धनभारित पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम सोडा ॲशशी मिळालं की पांढरा साका धरतो. पाणी आधी मृदू करावं लागतं, आणि त्या यंत्रणेला समुद्रातल्या फलाटावर जागा काढणं महाकठीण.